पदकाने बंदर उघडत नाही

समुद्रात संकटात सापडलेल्या जहाजावरचा माल दुसऱ्या एखाद्या जहाजाने वाचवला, तर वाचलेल्या मालाची किंमत पाहून मोबदला मागण्याचा हक्क वाचवणाऱ्याला मिळतो. सॅल्व्हेजचा हा नियम फार जुना आहे आणि आजही जगभर चालतो. माणूस वाचवला तर असा हक्क मिळत नाही. १९८९च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात तसे स्पष्टच लिहिले आहे: ज्याचा जीव वाचला त्याच्याकडून काहीही मागता येणार नाही, आणि त्याच प्रसंगी जहाज किंवा माल वाचला असेल तर त्या मोबदल्यातला रास्त वाटा जीव वाचवणाऱ्याला द्यावा, एवढीच सोय त्यात आहे. म्हणजे पोती वाचली तर पैसे, आणि नुसती माणसे वाचली तर काही नाही. वरवर पाहता हे उफराटे वाटते, पण पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाशी दराची घासाघीस करण्याची मुभा कुणालाही असू नये, एवढ्याच हेतूने तो नियम तसा आहे आणि तो तसाच राहावा. मात्र जिथे पैसा ठेवता येत नाही तिथे समाजाला दुसरे काहीतरी ठेवावेसे वाटते, आणि गेली जवळजवळ दोनशे वर्षे त्या जागी पदक ठेवले जात आहे.

लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने समुद्रावर जीव वाचवणाऱ्यांसाठी १८३६ साली पदक सुरू केले. ब्रिटनने १८५४च्या व्यापारी जहाज कायद्यानंतर सरकारी पदक काढले. अमेरिकी खलाशांना वाचवणाऱ्या परदेशी कप्तानांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नाव कोरलेली सोन्याची घड्याळे पाठवत असत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार २००७ पासून दिला जातो. या सगळ्या मानचिन्हांना माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ती बहुधा चुकीच्या माणसाच्या छातीवर लावली जातात आणि त्या माणसाला ज्याची खरी गरज असते ते त्याला दिले जात नाही. पदक शिडीवर उतरलेल्या खलाशाला मिळायला हवे. कप्तानाला हवे ते संरक्षण.

कप्तानाने संकटातल्या माणसाकडे जहाज वळवणे ही त्याची मेहेरबानी नाही, ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. स्वतःचे जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका पोचणार नसेल तर समुद्रात जीव धोक्यात असलेल्या प्रत्येकाला, तो शत्रू असला तरी, मदत करणे कप्तानावर बंधनकारक आहे, असे १९१०च्या ब्रसेल्स करारात म्हटले होते. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली झालेल्या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या करारात, म्हणजे आज ज्याला सोलास म्हणतात त्यात, आणि पुढे १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात हे कर्तव्य कायम राहिले. त्यातली एक बारीक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. मदतीची हाक ऐकूनही ज्या कप्तानाला जाता येत नाही, किंवा जाणे गैरवाजवी वाटते, त्याने न जाण्याचे कारण लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत, लिहून ठेवायचे असते. जाणाऱ्याने कारण द्यायचे नाही, न जाणाऱ्याने द्यायचे, यातच कायद्याने काय गृहीत धरले आहे ते कळते. १९८८ साली दक्षिण चिनी समुद्रात डब्यूक या अमेरिकी युद्धनौकेला व्हिएतनामहून निघालेली एक मोडकी बोट भेटली. नौकेने बोटीतल्यांना अन्न, पाणी आणि नकाशा दिला, पण माणसे वर घेतली नाहीत. पुढे त्या बोटीतली कितीतरी माणसे वाटेतच मेली आणि नौकेच्या कप्तानाला लष्करी न्यायालयाने कर्तव्यच्युतीबद्दल दोषी ठरवले. जे न केल्याबद्दल शिक्षा होते, ते केल्याबद्दल शौर्यपदक द्यावे हे तर्काला धरून नाही.

यावर कुणी म्हणेल की कर्तव्य बजावणाऱ्यातही फरक असतो, आणि त्यासाठी टायटॅनिकच्या मदतीला धावलेल्या कार्पेथिया या जहाजाचा दाखला देईल. दाखला योग्यच आहे, म्हणून तो जरा जवळून पाहू. १५ एप्रिल १९१२च्या मध्यरात्रीनंतर कार्पेथियाचा बिनतारी यंत्रचालक हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत असताना त्याला टायटॅनिकची हाक ऐकू आली. कप्तान आर्थर रोस्ट्रन यांनी आधी जहाज वळवण्याचा हुकूम दिला आणि मग कॉटमला विचारले की नक्की ना? अंतर त्यांच्या हिशेबाने ५८ सागरी मैल होते आणि वाटेत बर्फाचे डोंगर होते. पुढच्या तासांत त्यांनी जे हुकूम सोडले त्यांची यादी त्यांनी नंतर चौकशीत सांगितली आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. प्रत्येक भोजनगृहात एकेक डॉक्टर, ब्लँकेटे, सूप आणि कॉफी, बाहेर काढून ठेवलेल्या बोटी, दारादारांत दिवे, जखमींना वर ओढण्यासाठी दोरखंडाला बांधलेल्या खुर्च्या, लहान मुलांसाठी कॅनव्हासच्या राख भरायच्या पिशव्या, आणि जहाजाभोवतीच्या लाटा निवाव्यात म्हणून पुढच्या बाजूच्या संडासांतून ओतायला तेल. राखेच्या पिशवीत बसवून समुद्रातून वर ओढलेले मूल ज्याला आधीच डोळ्यांसमोर दिसले, त्या माणसाच्या कुवतीबद्दल वाद घालता येत नाही. सातशेहून अधिक माणसे त्या पहाटे कार्पेथियावर आली.

पण त्याच रात्री खाली बॉयलरांपाशी काय चालले होते? झोपेतून उठवलेले कोळसेवाले जादा पाळीवर फावडी मारत होते आणि उतारूंच्या खोल्यांतली ऊब व गरम पाणी बंद करून सगळी वाफ इंजिनाकडे वळवली होती. त्यांना वर काय चालले आहे ते दिसत नव्हते, आणि अंधारात बर्फावर जहाज आदळलेच तर पहिले पाणी त्यांच्याच अंगावर येणार होते. वाचलेल्या प्रवाशांना हे समजले असावे, कारण त्यांनी वर्गणीतून पदके पाडली ती कप्तानापासून साध्या खलाशापर्यंत सर्वांसाठी. त्यातही सोने, चांदी आणि कांस्य अशी पायरी होतीच आणि फावडेवाल्याच्या वाट्याला कांस्य आले हे खरे, पण आले तरी. अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मात्र एकट्या रोस्ट्रन यांना मिळाले आणि शंभर वर्षांनंतर लोकांच्या स्मरणात नावही तेवढेच उरले आहे.

समुद्रावर माणूस वर घेणे म्हणजे नेमके काय असते, हे किनाऱ्यावर बसून पदके वाटणाऱ्यांना क्वचितच माहीत असते. मोठा टँकर जागच्या जागी थांबत नाही. इंजिन बंद केल्यावरही तो कितीतरी अंतर पुढे जातो. मग कप्तान जहाज वाऱ्याला आडवे घालतो, म्हणजे लहान बोट आडोशाच्या बाजूला येते आणि तिथले पाणी थोडे शांत होते. पण आडवे पडलेले जहाज वाऱ्याने त्याच बोटीच्या अंगावर सरकत असते. जहाजाची पोलादी भिंत एका लाटेत खाली येते आणि दुसऱ्या लाटेत घराएवढी वर जाते. त्या भिंतीवर पायलट शिडी, म्हणजे लाकडी पायऱ्यांची दोराची शिडी, सोडलेली असते. दिवसेंदिवस उपाशी असलेल्या, थंडीने बोटे आखडलेल्या माणसाने लाट वर आली असतानाच ती पकडायची असते. लाट उतरताना पकडली तर पुढची लाट बोटीला त्याच्या पायांवर आणून आपटते. बहुतेक वेळा त्याला ते जमत नाही, आणि मग कंबरेला दोर बांधून कुणीतरी खलाशी त्याच्यासाठी खाली उतरतो. करारातले कर्तव्य कप्तानाच्या नावावर लिहिलेले आहे, त्या खलाशाच्या नावावर नाही. तो उतरला नाही तर त्याला कुणी न्यायालयात उभे करील असे मला वाटत नाही. शौर्य हा शब्द वापरायचाच असेल तर तो तिथे वापरावा.

हे सगळे नीट पार पडले तरी शेवट चांगलाच होईल असे नाही. १८ एप्रिल २०१५च्या रात्री किंग जेकब हे पोर्तुगीज निशाणाचे कंटेनर जहाज भूमध्य समुद्रात माणसांनी खचाखच भरलेल्या एका बोटीच्या मदतीला धावले. बोट येऊन जहाजावर आपटली आणि उलटली. आठशेच्या वर माणसे बुडाली आणि अवघी २८ वाचली. इटलीच्या न्यायालयाने बोट चालवणाऱ्याला दोषी धरले. किंग जेकबच्या खलाशांनी जे करायचे तेच केले होते. वाचलेल्यांच्या आकड्यावरून गुण मोजणाऱ्या पद्धतीत अशा रात्रीसाठी जागाच नसते.

आकड्यांचा हा मोह जुनाच आहे. ऑक्टोबर १९१३ मध्ये अटलांटिकवर व्होल्टर्नो हे जहाज पेटले, तेव्हा वादळात अकरा जहाजे त्याच्याभोवती जमली. सर्वांत आधी पोचलेल्या आणि बचावाची सूत्रे सांभाळणाऱ्या कार्मेनियाने स्वतः वाचवलेला माणूस एकच होता. शेवटी नॅरॅगॅन्सेट या टँकरने समुद्रावर तेल सोडून लाटा बसवल्या, बोटी उतरवता आल्या आणि पाचशेहून अधिक माणसे वाचली. या सगळ्यात कुणी किती वाचवले याचा तक्ता मांडला तर तेल सोडणारा टँकर आणि सूत्रे हलवणारे जहाज तळाशी जाईल.

कप्तानाच्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात, ओडिशातल्या गोपाळपूरच्या किनाऱ्यापासून दूर, दुर्गाम्मा नावाची मासेमारी बोट इंजिन बंद पडून आणि नांगर तुटून भरकटत होती. तिच्यावर १५ ते ५० वयाचे सात मच्छीमार होते; अन्नपाणी वाहून गेले होते आणि मासळीसाठी ठेवलेला बर्फ चोखून ते जगत होते. लाटा २५ फुटांहून उंच आणि वारा ६० नॉटच्या वर, अशा स्थितीत संपूर्ण स्वराज्य या टँकरच्या सेकंड ऑफिसरला ती बोट अडीच किलोमीटरवर दिसली. कप्तान राधिका मेनन यांनी बचावाचा हुकूम दिला आणि सातही जण पायलट शिडीवरून वर आले. २०१६चा असामान्य शौर्याचा पुरस्कार मेनन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एका स्त्रीला व्यापारी जहाजावर कप्तान म्हणून पाहण्याची सवय नसलेल्या जगात त्या पुरस्काराने जे काम केले ते दुसऱ्या कशाने झाले नसते, हे मान्यच करायला हवे. वादळात माणसे खाली पाठवायची की नाही हा निर्णय कप्तानाचा असतो आणि त्यात कुणी मेले तर जाबही त्यालाच द्यावा लागतो, हेही खरे. तरी त्या दिवशी वादळी पावसात बोट दिसली ती सेकंड ऑफिसरला, आणि त्याचे किंवा शिडीपाशी उभ्या असलेल्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? याच पुरस्काराच्या पहिल्या वर्षी, २००७ मध्ये, एका जहाजाच्या सेकंड इंजिनियरचा गौरव झाला होता. ती सुरुवात चांगली होती. ती पद्धत व्हायला हवी होती.

आता कप्तानाच्या गरजेकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये दक्षिण कोरियाचे ज्यॉन जे-योंग आपली टूना पकडणारी बोट घेऊन घरी परतत असताना त्यांना व्हिएतनामी निर्वासितांची एक लहान होडी दिसली. असल्या भानगडीत पडू नका, अशी मालकांची ताकीद होती. ते आधी पुढे निघून गेले, मग त्यांनी बोट वळवली आणि ९६ माणसे वर घेतली. बुसानला पोचल्यावर त्यांची नोकरी गेली. पुढे दोन दशकांनी वाचलेल्यांनी त्यांना शोधून काढले, अमेरिकेत बोलावून सत्कार केला आणि निर्वासितांसाठीच्या नान्सेन पुरस्कारासाठी त्यांचे नावही सुचवले गेले. सत्कार होताना जो माणूस दिसतो तो म्हातारा झालेला असतो. नोकरी गेली तेव्हा तो ऐन उमेदीत होता. त्यांना १९८६ साली पदक मिळाले असते तर घर चालले असते का, हा प्रश्न मला पदकांच्या प्रत्येक बातमीपाशी आठवतो.

कप्तान आर्ने रिन्नान यांना तर बक्षीसही मिळाले. ऑगस्ट २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राच्या हाकेवरून टाम्पा या त्यांच्या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३८ माणसे घेतली. जहाजावर खलाशी होते २७. माणसे कंटेनरांच्या मधल्या उघड्या डेकवर झोपत होती आणि ऑस्ट्रेलियाचे सरकार ख्रिसमस बेटाजवळ जहाजाला येऊ देत नव्हते. आजाऱ्यांची स्थिती पाहून रिन्नान अखेर हद्दीत शिरले, तेव्हा मदतीऐवजी सशस्त्र कमांडो जहाजावर चढले. पुढच्या वर्षी कप्तान, खलाशी आणि जहाज कंपनी यांना नान्सेन पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणारे आणि कमांडो पाठवणारे वेगवेगळे होते हे मला कळते, पण कप्तानाच्या दृष्टीने जग एकच असते, आणि पुढच्या वेळी क्षितिजावर होडी दिसली की त्याला आठवते ते कमांडोच. २०२० साली माल्टाच्या विनंतीवरून मर्स्क एटिएन या टँकरने २७ जणांना वर घेतले. त्यांना उतरवायला कोणतेही बंदर मिळेना, म्हणून तो टँकर ३८ दिवस समुद्रावर तसाच उभा राहिला. दरम्यान तिघांनी वैतागून पाण्यात उड्या टाकल्या आणि त्यांना खलाशांनी दुसऱ्यांदा वाचवले. मर्स्कसारख्या बलाढ्य कंपनीच्या कप्तानावर ही पाळी येते, तर एकाच जहाजाच्या मालकाकडे नोकरी करणाऱ्याने काय करावे?

कागदावर सगळे आहे. माणसाचा जीव वाचवण्यासाठी वाट सोडली तर तो मालवाहतुकीच्या कराराचा भंग ठरत नाही. मालक, जहाज भाड्याने घेणारा किंवा कंपनी यांनी जीवसुरक्षेच्या निर्णयात कप्तानाच्या आड येऊ नये, असे सोलासमध्ये आहे. जहाजमालकांचे विमा संघ अशा फेऱ्याचे इंधन, अन्न आणि बंदराचा खर्च भरून देतात. २००६ पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनुसार कप्तानाला या जबाबदारीतून लवकरात लवकर आणि कमीत कमी वाट वाकडी करून मोकळे करण्यासाठी देशांनी एकमेकांशी सहकार्य करायचे आहे. पण कोणत्या देशाने कोणते बंदर किती दिवसांत द्यायचे, हे तिथे लिहिलेले नाही, आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत जहाजे अडकून पडतात. बंदर दिले तर आणखी होड्या निघतील, हा सरकारांचा युक्तिवाद मला माहीत आहे. त्यावर वाद होऊ शकतो, पण तो किनाऱ्यावरच्या धोरणाचा वाद आहे. तो डेकवर ताप आलेले मूल घेऊन उभ्या असलेल्या कप्तानाच्या खर्चाने खेळला जाऊ नये.

२०१९च्या उन्हाळ्यात हा विरोधाभास अगदी उघडा पडला. सी-वॉच ३ या स्वयंसेवी संस्थेच्या बचाव जहाजाच्या कप्तान कारोला राकेटे यांनी वाचवलेल्या लोकांसह इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या बंदरात परवानगीविना जहाज लावले आणि इटलीच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. काही दिवसांत न्यायाधीशांनी सोडले. पॅरिस शहराने राकेटे आणि इटलीतच चौकशीला तोंड देत असलेल्या, अशाच बचाव जहाजांच्या कप्तान पिया क्लेम्प यांना आपले सर्वोच्च पदक जाहीर केले. क्लेम्प यांनी ते नाकारले. कोण वीर आणि कोण बेकायदा हे सत्ताधाऱ्यांनी ठरवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांची भाषा मला जरा जहाल वाटते आणि त्यांच्या राजकारणाशी मी सर्वस्वी सहमतही नाही. पण पदक नाकारताना त्यांनी जो हिशेब मांडला तो बरोबर होता.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शौर्यपदकांसाठी नावे मागवताना कप्तानाचे नाव आपोआप वर येऊ नये. शिडीवर, बोटीत किंवा इंजिनरूममध्ये कोण होते हे लॉगबुकातून आणि साक्षींतून काढावे आणि त्यांच्या नावाने पदके द्यावीत. जहाज वळवल्याबद्दल ज्या कप्तानाची नोकरी जाईल त्याला भरपाई मिळावी आणि ती जहाजाच्या निशाणाच्या देशाने वसूल करून द्यावी. आणि न जाणाऱ्या कप्तानाला जो नियम आहे तोच किनाऱ्यालाही लावावा: वाचवलेली माणसे घेऊन आलेल्या जहाजाला ज्या अधिकाऱ्याने बंदर नाकारले, त्याने आपले नाव, तारीख, वेळ आणि नाकारण्याचे कारण लेखी द्यावे, आणि तो कागद त्या जहाजाच्या लॉगबुकाला जोडला जावा.